सात नंबरचा पिंजरा

पिंजरा म्हटलं की तुम्हा मुलांच्या डोळ्यांपुढे पोपट येतो, नाही तर सर्कशीतला वाघ. माझ्याकडे दोघांपैकी कुणीच कधी फिरकलं नाही. माझ्याकडे राहायला यायचे ते पांढरे उंदीर, आणि त्यांचा मला वाघापेक्षाही जास्त अभिमान आहे. मित्रांनो, मी सोलापुरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाचा जुना पिंजरा. अंगावरचा जस्ताचा मुलामा केव्हाच उडाला आहे, दाराची कडी मोडली आहे आणि पाठीवर रंगवलेला सातचा आकडा अर्धाच उरला आहे. हल्ली माझा मुक्काम अडगळीच्या खोलीत असतो. इथं शेजार म्हणाल तर तीन पायांचं एक स्टूल आणि दोन फुटकी बेसिनं. ती फारशी बोलकी नाहीत, म्हणून तुम्हालाच हाक मारली.

माझा जन्म शुक्रवार पेठेतल्या एका बोळात झाला. तिथं धोंडप्पा नावाचे पत्र्याचं काम करणारे एक कारागीर बसायचे. बादल्या, ट्रंका, कंदिलांच्या टाक्या, धान्याच्या चाळण्या असं सगळं त्यांच्या हातून घडायचं. सकाळी गिरणीचा भोंगा वाजला की त्यांची हातोडी सुरू व्हायची आणि दुपारच्या भोंग्याला थांबायची. १९७३ सालच्या उन्हाळ्यात एक तरुण बाई त्यांच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात कागदावर काढलेलं माझं चित्र होतं.

त्या होत्या डॉक्टर शिवलीला बिराजदार. महाविद्यालयात जंतुशास्त्र शिकवायच्या आणि स्वतःही वरच्या पदवीचा अभ्यास करायच्या. पदवीसाठी त्यांना एक मोठा प्रबंध लिहायचा होता, आणि त्या प्रबंधासाठी पिंजरे हवे होते. मला धरून सात.

धोंडप्पांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, सगळं गाव उंदीर धरून मारायला पिंजरा न्हेतंय. तुमी सांभाळायला न्हेणार व्हय?"

"सांभाळायलाच की," बाई म्हणाल्या. "आणि तळ पत्र्याचा नको. जाळीचा करा. लेंडी खाली पडली पाहिजे, पण उंदराचा पाय अडकायला नको."

धोंडप्पांनी आधी रव्याच्या चाळणीची जाळी लावून पाहिली. तिच्यावर मूठभर तांदूळ टाकले, तर ते वरच राहिले. मग ज्वारीच्या चाळणीची जाळी लावली. तांदूळ सळसळत खाली गेले. "झाली की तुमच्या उंदराची सोय," असं म्हणून त्यांनी माझ्या कडा ठोकून गुळगुळीत केल्या, बोट फिरवून कुठं बोचत नाही ना ते पाहिलं. बाकीचे सहा पिंजरे चार-चार उंदरांचे होते. मी आठ उंदरांचा, सगळ्यांत थोरला. त्या वयात मला फुशारकी मारायला एवढं पुरेसं होतं.

आम्हाला हातगाडीवर घालून कॉलेजात नेलं. मागच्या अंगाला सिमेंटच्या पत्र्यांची एक लांबट खोली होती, तिला सगळे उंदीरखाना म्हणत. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेलच. मे महिन्यात त्या पत्र्याखाली भाकरी न भाजता फुगली असती. पण खिडक्यांना ओली गोणपाटं टांगलेली असायची आणि तासातासाला कुणीतरी त्यांवर पाणी मारायचं. ते कुणीतरी म्हणजे मल्लप्पा.

मल्लप्पा अक्कलकोटकडच्या एका खेड्यातले धनगर. बहात्तरच्या दुष्काळात चारा संपला, पाणी संपलं, तेव्हा कळप विकून नागव्वांना, म्हणजे आपल्या बायकोला, घेऊन ते शहरात आले आणि कॉलेजात रोजंदारीवर उंदीर सांभाळायला लागले. चाळीस मेंढरं सांभाळलेला माणूस. त्याच्या हाती आता शंभर उंदीर आले. पहिल्या दिवशी म्हणे ते खोलीच्या दारात उभे राहून बराच वेळ नुसते पाहत राहिले आणि मग कानडीत म्हणाले, "सण्ण कुरी." म्हणजे बारकी मेंढरं. तेव्हापासून ते त्यांना मेंढरंच समजत. उन्हाळ्यात हरभरे भिजवून द्यायचे, थंडीत खोलीच्या कोपऱ्यात शेगडी ठेवायची, कुणी सुस्त दिसला की त्याला तळहातावर घेऊन त्याच्या पोटाला कान लावायचे. उंदराच्या पोटाला कान लावून काय ऐकू येतं ते मला अजून कळलेलं नाही.

आता बाईंचं काम काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल.

दुष्काळात खडी फोडायच्या कामावर हजारो माणसं पोराबाळांसह राहत होती. मिळेल ते पाणी पीत होती. मुलांना हगवण लागायची. सरकारी दवाखान्यात औषध मिळायचं, मूल बरं व्हायचं आणि कधी कधी आठ दिवसांत पुन्हा दुसऱ्याच जंतूनं आजारी पडायचं, पहिल्यापेक्षा जास्त. बाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. असं का होतं, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

त्यांनी ते मल्लप्पांना एकदा समजावून सांगितलं, तेव्हा मीही ऐकत होतो. बाई म्हणाल्या, "मल्लप्पा, बार्शीची एसटी आहे असं समजा. आपल्या आतड्यात चांगले जंतू आधीच जागा धरून बसलेले असतात. गाडी भरलेली असली की वाईट जंतू आला तरी त्याला बसायला मिळत नाही. उभ्या उभ्या येतो आणि पुढच्या थांब्याला उतरून जातो. पण आपण कडक औषध दिलं की वाईटाबरोबर चांगलेही उतरतात. गाडी रिकामी. मग नवा वाईट चढला की तो पाय पसरून बसतो."

"मग औषिद द्यावंच न्हाय व्हय?" मल्लप्पांनी विचारलं.

"द्यावं लागतं की. पण गाडी किती दिवस रिकामी राहते, पुन्हा कशानं भरते, ते कळायला हवं. माणसांच्या मुलांवर ते करून बघता येत नाही. म्हणून हे उंदीर."

मल्लप्पांनी एक उंदीर उचलला, त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि परत ठेवला.

कामाची रीत अशी होती. एरवी उंदीर भुसा घातलेल्या लाकडी पेट्यांत राहायचे. त्यांतल्या काहींना पाच दिवस पाण्यातून औषध द्यायचं. मग त्यांना धुतलेल्या, जाळीच्या पिंजऱ्यात हलवायचं आणि दोन दिवस साधं पाणी द्यायचं. त्यानंतर बोथट सुईनं हगवणीच्या जंतूंचा एक थेंब तोंडात सोडायचा. पुढं रोज खालच्या ट्रेमधली लेंडी उचलून काचेच्या बशीतल्या लाल खाद्यावर पसरायची. दुसऱ्या दिवशी बशीवर ठिपके उगवायचे. गुलाबी ठिपके म्हणजे घरचे, चांगले जंतू. फिक्कट, बिनरंगाचे ठिपके म्हणजे हगवणीचे. एक, दोन, तीन नंबरच्या पिंजऱ्यांत औषध न घेतलेले उंदीर असायचे. चार, पाच, सहा आणि मी, म्हणजे सात, आमच्यात औषध घेतलेले.

आणि एक कडक नियम होता. जाळीच्या पिंजऱ्यात काहीही टाकायचं नाही. कागद नाही, गवत नाही, भुसा तर नाहीच. उंदरांना लेंडी खायची सवय असते, तुम्हाला ऐकून किळस वाटेल, पण तो त्यांचा स्वभाव आहे. बाहेर पडलेलं पुन्हा पोटात जाऊ नये म्हणूनच धोंडप्पांनी मला जाळीचा तळ बसवला होता.

पहिली खेप झाली. चार, पाच, सहा नंबरच्या बशा फिक्कट ठिपक्यांनी भरल्या. बाईंना जे वाटत होतं तेच घडलं. माझी बशी मात्र गुलाबी. माझ्यातल्या आठही उंदरांनी औषध घेतलं होतं, जंतूही घेतले होते, तरी हगवण त्यांच्या आतड्यात बसलीच नाही. आठही टुणटुणीत. मला वाटलं, माझ्यासारखा थोरला, हवेशीर पिंजरा दुसरा नाही, त्याचाच हा गुण. विभागाचे मोठे सर एकदा पाहून म्हणालेही होते, "हा पिंजरा छान बनवलाय." त्या शब्दांवर मी आठ दिवस जगलो.

बाईंनी दुसऱ्यांदा सगळं पहिल्यापासून केलं. तेच झालं. तिसऱ्यांदा केलं. पुन्हा तेच. आता मात्र मला फुशारकी वाटेना, कारण बाईंची झोप उडाली होती. औषध त्यांनी स्वतः तोललं, बाटल्या स्वतः भरल्या, मला गरम पाण्यात बुडवून माझी तार न् तार घासली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं चाललं होतं. कळसा कुठं आहे याचा मला एव्हाना अंदाज आला होता, मित्रांनो. पण पिंजऱ्याला तोंड नसतं, नुसतं दार असतं.

मोठ्या सरांनी एक दिवस बाईंना उंदीरखान्यातच गाठलं. मल्लप्पा कोपऱ्यात बाटल्या धूत होते.

"बिराजदार, तुमच्या औषधाच्या वीस उंदरांतले आठ या एका पिंजऱ्यातले," सर म्हणाले. "ते आठ नेहमी उलटं उत्तर देतात. परीक्षक विचारतील, औषध दिलं होतं की नुसतंच लिहिलं? काय सांगाल?"

"दिलं होतं, सर."

"मी मानतो. ते मानणार नाहीत. महिनाअखेरपर्यंत कारण सापडलं तर ठीक, नाही तर प्रबंध पाठवायचा नाही. आणि पुढच्या वर्षी हा विषय मी ठेवणार नाही."

सर गेले. बाई माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी विचारलं, "मल्लप्पा, सात नंबरात काही वेगळं करता का हो तुम्ही?"

मल्लप्पांचा हात बाटलीत अडकल्यासारखा थांबला. मग ते म्हणाले, "न्हाय, बाई."

ते खोटं होतं. त्यांनी ते का सांगितलं तेही मला ठाऊक होतं. मल्लप्पांना कायम करायचा कागद मोठ्या सरांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. रोजंदारीवरच्या माणसाला उद्याची खात्री नसते. कायम झालं की उंदीर आणि मल्लप्पा यांची ताटातूट होणार नव्हती. नियम मोडल्याचं कळलं असतं, तर त्या कागदाची काय गत झाली असती ते सांगायला ज्योतिषी नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी नागव्वा डबा घेऊन आल्या. त्या बिड्या वळायच्या, तंबाखूचा वास त्यांच्या पदराला कायमचा बसलेला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात मांडून त्या समोर बसल्या, तर मल्लप्पा भाकरी नुसतीच मोडत राहिले. शेवटी त्यांनी सगळं सांगितलं.

गोष्ट साधीच होती. लहान पिंजऱ्यांत एकाच पेटीतले चार उंदीर जायचे. माझ्यात आठ जायचे, म्हणजे दोन वेगळ्या पेट्यांतले. परक्या वासाचे नर एकत्र आले की भांडतात, एकमेकांच्या शेपट्या चावतात. मल्लप्पांना ते बघवेना. धनगर नवं मेंढरू विकत आणलं की कळपात तसंच सोडत नाही. आपल्या मेंढवाड्यातला जुना, लेंड्यांचा पालापाचोळा मूठभर घेऊन त्याच्या अंगाला चोळतो आणि पायांत टाकतो. वास एक झाला की कळप त्याला शिंगं मारत नाही. मल्लप्पांनी तेच केलं. थोरल्या लाकडी पेटीत औषध कधीच न घेतलेले उंदीर भुशावर राहत असत. त्या पेटीतला मूठभर जुना भुसा ते माझ्या जाळीवर टाकायचे, दुसऱ्या सकाळी झाडून काढायचे. भांडण मिटायचं. वासापुरता तर भुसा, त्यानं काय होणार, असं त्यांना वाटलं.

नागव्वांनी ऐकून घेतलं. "बाईनी टाकू नगा म्हनलं व्हतं न्हवं?"

"व्हय."

"मग सांगून टाक जा."

"कागुद फाटंल की."

"फाटू दे. ती पोरगी जागून जागून काडी झालीया. तिचं शिक्शान बुडवून तू कायम व्हनार व्हय?"

"आन खायाचं काय? मेंढरं हायत का आता राखायला?"

"माजे हात हायत की," नागव्वा म्हणाल्या आणि डबा आवरून उठल्या. "जेव आदी. उपाशी मानसाला खरं बोलायला लई जड जातंय."

मल्लप्पा जेवले. हात धुतले. मग टोपी काढून हातात धरली आणि बाईंच्या खोलीत न बोलता त्यांनाच उंदीरखान्यात बोलावून आणलं. बहुतेक आमच्यासमोर बोलणं त्यांना सोपं वाटलं असावं.

"बाई, काल मी खोटं बोललो. सात नंबरात मी भुसा टाकत हुतो. तीन्ही बारीला."

बाईंचा चेहरा उतरला. दोन वर्षांचं काम एका मुठीनं नासलं, असं त्यांना त्या क्षणी वाटलं असणार. त्या काही तरी कडक बोलायला निघाल्या आणि मध्येच थांबल्या.

"कुठला भुसा?"

"थोरल्या पेटीतला."

"औषध न दिलेल्यांचा? लेंड्यांसकट?"

"लेंड्यासकटच लागतंय, बाई. कोऱ्या भुशाला कसला वास आलाय?"

बाई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. बराच वेळ त्या माझ्याकडे पाहत होत्या, म्हणजे माझ्यातून आरपार पाहत होत्या. मग म्हणाल्या, "मल्लप्पा, त्यांनी त्या लेंड्या खाल्ल्या. निरोगी उंदरांचे जंतू त्यांच्या पोटात गेले. रिकामी गाडी तुम्ही भरून दिलीत, हो."

मल्लप्पांना ते अर्धंच कळलं. पण त्यांची मान जराशी वर झाली.

बाईंनी सगळं सांगितलं, पण मोठ्या सरांना ते इतक्या सहजासहजी पटलं नाही. ते तडक खाली आले. "नियम मोडला आणि वर खोटं बोललास," ते मल्लप्पांना म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

"सर, एक खेप करू द्या," बाई म्हणाल्या. "चार आणि पाचमध्ये भुसा टाकू, सहा आणि सातमध्ये नाही. सगळ्यांना औषध, सगळ्यांना जंतू. सातमध्ये घडलं तसं चार-पाचमध्ये घडलं, तर ती चूक नव्हे, उत्तर आहे. आणि उंदीर मल्लप्पांनीच सांभाळायचे. दुसऱ्याच्या हाताला ते बुजतात, मग आकडे बिघडतील."

सर कडक होते, पण शास्त्राचे माणूस होते. "ठीक. पंधरा दिवस. बशा दाखवा, मग मल्लप्पाच्या कागदावर सही करायची की तो फाडायचा ते ठरवू."

अशी मल्लप्पांची नोकरी आणि बाईंचा प्रबंध, दोन्ही आमच्या चौघा पिंजऱ्यांच्या बशांवर येऊन टेकली. आणि या खेपेला माझ्या नशिबी भुसा नव्हता.

त्या पंधरा दिवसांइतके जड दिवस मी पाहिले नाहीत. औषध संपलं आणि दोन पेट्यांतले आठ उंदीर माझ्यात आले. पहिल्याच तासात भांडण जुंपलं. शेजारी चार-पाच नंबरातली मंडळी भुशात तोंड खुपसून गाढ झोपलेली, आणि माझ्या जाळीवर चिरकणं, पळापळ. एकाचा कान फाटला. मल्लप्पा धावत आले. त्यांची मूठ भुशानं भरलेली होती. सवयीनं ती भरून आली होती, त्यांनाही ते कळलं नसावं. माझं दार उघडून ते तसेच उभे राहिले. आत आठ जण एकमेकांना चावत होते. बाहेर कुणीही पाहत नव्हतं. बाई घरी गेल्या होत्या, सर वर होते. एक मूठ टाकली असती तर भांडण मिटलं असतं, कुणाला कळलंही नसतं.

मल्लप्पा वळले, मूठ पेटीत रिकामी केली आणि माझ्यासमोर उकिडवे बसून राहिले. चावा फारच वाढला की ते बोटानं दोघांना बाजूला करायचे. त्यांची बोटं रक्ताळली. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायला हात मोकळे नव्हते. नियम पाळणं इतकं अवघड असतं हे मला त्या दिवशी कळलं.

मग जंतू दिले. चौथ्या दिवसापासून माझ्यातले उंदीर सुकायला लागले. केस उभे राहिले, पाठी वाकल्या. मल्लप्पा रोज त्यांना उबेला तळहातावर घेत आणि फिनेलनं हात धुऊन पुन्हा दुसऱ्याला घेत. तिघं पाण्याच्या बाटलीपाशीच गेले. उरलेल्या पाचांना शेवटच्या दिवशी बाईंनी औषधानं कायमचं झोपवलं. मला रिकामं होण्याची सवय होती, तरी त्या दिवशी माझी जाळी फार मोठी वाटली.

सोळाव्या दिवशी सर आले. बाईंनी बशा खिडकीच्या उजेडात मांडल्या. चार नंबर, गुलाबी. पाच नंबर, गुलाबी. सहा नंबर, फिक्कट. सात नंबर, फिक्कट, एकही गुलाबी ठिपका नाही. सरांनी चारही बशा दोनदा उचलून पाहिल्या. "बिराजदार, हे प्रकरण प्रबंधात सगळ्यांत आधी घाला," एवढंच ते म्हणाले. जाता जाता दाराशी थांबून मल्लप्पांना म्हणाले, "दुपारी वर ये. अंगठा लागेल."

प्रबंध वर्षभरानं पुस्तकासारखा बांधून आला. निळी पाठ, सोनेरी अक्षरं. बाई तो घेऊन आधी उंदीरखान्यातच आल्या. त्या दिवशी नागव्वाही डबा घेऊन आलेल्या होत्या. सुरुवातीच्या एका पानावर ज्यांची ज्यांची मदत झाली त्यांचे आभार होते. बाईंनी ते वाचून दाखवलं, इंग्रजीतलं मराठीत करून. मोठे सर होते, दवाखान्यातले डॉक्टर होते, पिंजरे बनवणारे धोंडप्पा होते. आणि शेवटी, भुशाची रीत ज्यांच्याकडून कळली ते श्री. मल्लप्पा.

नागव्वांनी पदर तोंडाला लावला. मल्लप्पा पानाकडे पाहत राहिले. अक्षर येत नसलेला माणूस पाहतो तसं, बोट न लावता.

"आन त्येंची?" त्यांनी विचारलं.

"कुणाची?"

"शेवटच्या बारीला सात नंबरात हुते त्येंची नावं."

"त्यांचे आकडे आहेत आत, मल्लप्पा. पंचवीसपासून बत्तीसपर्यंत. नावं कुठं होती त्यांना?"

"हुती की," मल्लप्पा म्हणाले. "मेंढराला नाव नसलं तर हाक कशी मारावी मानसानं?"

बाईंनी पेन काढलं. प्रबंध माझ्याच पाठीवर ठेवला, म्हणून त्या पेनाचा दाब मला आजही आठवतो. मल्लप्पा एकेक सांगत गेले आणि त्या छापील आभारांच्या खाली शाईनं लिहीत गेल्या. गौडा. सण्णा. ढोल्या. नाचऱ्या. कानफाट्या. सोमवाऱ्या. मुका. आठव्याशी मल्लप्पा अडले. बराच वेळ आठवत राहिले, कपाळाला हात लावला, नागव्वांकडे पाहिलं. नागव्वांना कसं ठाऊक असणार? शेवटी ते म्हणाले, "त्यो शेवटी आला हुता. त्येला नाव द्यायच्या आदीच गेला, बाई."

बाईंनी आठव्या ओळीवर फक्त एक रेघ ओढली. त्या रेघेकडे पाहत तिघंही उभी राहिली.

पुढं प्लास्टिकचे पांढरे पिंजरे आले, हलके, धुवायला सोपे. माझं काम संपलं. बाई मोठ्या झाल्या, बदलून गेल्या. मल्लप्पा निवृत्त होईपर्यंत उंदरांपाशीच होते. माझी काही तक्रार नाही. पत्र्याला गंज चढायचाच.

पण मित्रांनो, एवढं सांगावंसं वाटतं. कधी आजारी पडलात आणि डॉक्टरांनी औषध दिलं, तर ते सांगतील तितकंच आणि सांगतील तेवढे दिवस घ्या. त्याच्यामागे किती जीव खर्ची पडले ते बाटलीवर लिहिलेलं नसतं. आणि तुमच्या दारी एखादा मुका जीव राहायला आला, मग तो कुत्रा असो, शेळी असो की तळहातावर मावणारा उंदीर, तर त्याला पाणी देण्याआधी एक नाव द्या. उद्यावर टाकू नका.